बडोद्याच्या दांडिया बाजारातली तीन मशीनं: बुद्धिबळ इंजिनाच्या मोजमापाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४, रविवार

गुकेशने टोरांटोत कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी बुद्धिबळ स्पर्धा) जिंकली त्याला आज आठवडा झाला आणि काकांच्या संध्याकाळच्या बुद्धिबळाच्या वर्गात पट कमी पडायला लागले. मुलं जमिनीवर बसतात, त्याला कुणाची हरकत नाही. हरकत निघाली ती कॉम्प्युटरवरून. एका पालकांनी देणगी देऊ केली आहे आणि काकांना वाटतं, डाव तपासायला एक जबरदस्त मशीन घ्यावं. दुसरे एक पालक लगेच म्हणाले, "बेन, ग्राफिक कार्ड तो जोईए ज ने?" (ताई, ग्राफिक कार्ड तर हवंच ना?) काकांनी माझ्याकडे बघितलं. "तू लॅबमधली माणूस. मोजून सांग, मग घेऊ."

म्हणून या नोंदी. प्रश्न एवढाच: मशीन चांगलं घेतलं तर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, किती चांगलं खेळतं, आणि त्यातलं किती या मुलांच्या पदरात पडतं?

हाताशी तीन मशीनं आहेत. पहिलं म्हातारा: कोअर टू ड्युओ ई-८४००, ४ जीबी रॅम, वाड्याच्या माडीवर बरीच वर्षं. दुसरं मधलं: चौथ्या पिढीचं आय-५, चार कोअर, एका ऑफिसने मोडीत काढलेलं. तिसरा माझा लॅपटॉप, सहा कोअरचा रायझन. इंजिन तिन्हींवर एकच, स्टॉकफिश १६.१, फेब्रुवारीत आलेलं.

३० एप्रिल, मंगळवार

स्टॉकफिशच्या एकाच आवृत्तीच्या बऱ्याच तयार फाइली मिळतात, प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात त्याप्रमाणे वेगवेगळ्या. लॅपटॉपवर आणि मधल्यावर बीएमआय-२ या नव्या सूचना वापरणारी चालली. म्हाताऱ्यावर तिची आशाच नव्हती, पण 'एसएसई-४१-पॉपकाउंट' ही त्यातल्या त्यात जुनी फाइलही उघडताक्षणी बंद पडली. ई-८४०० ला एसएसई ४.१ येतं, पॉपकाउंट येत नाही. ती सूचना इंटेलने त्याच्या पुढच्या पिढीत घातली.

भाच्याने विचारलं, एका सूचनेचं एवढं काय? पटावर ६४ घरं आणि प्रोसेसरचा शब्द ६४ बिटांचा, हा योगायोग इंजिन लिहिणाऱ्यांनी पुरेपूर वापरला आहे. 'पांढरी प्यादी कुठे आहेत' ही सगळी माहिती एका आकड्यात मावते: जिथे प्यादं तिथे १, बाकी ०. मग प्यादी किती, वजिराच्या माऱ्यात घरं किती, हे म्हणजे त्या आकड्यातले १ मोजणं. पॉपकाउंट ते एका सूचनेत करतं. नसेल तर चार-पाच पायऱ्यांनी करावं लागतं, आणि हे सेकंदाला लाखो वेळा.

शेवटी म्हाताऱ्यावर साधी 'एक्स-८६-६४' फाइल चालवली. चालली.

२ मे, गुरुवार

आज बेंच. स्टॉकफिशमध्ये 'बेंच' ही आज्ञा आहे. तीत पन्नासच्या आसपास ठरावीक स्थिती ठरावीक खोलीपर्यंत (ठरावीक चाली पुढे) तपासल्या जातात, एका थ्रेडवर (म्हणजे काम अनेक कोअरमध्ये न वाटता), १६ एमबी हॅश (तपासलेल्या स्थिती टिपायची वही) घेऊन. शेवटी तीन आकडे येतात: एकूण वेळ, तपासलेल्या स्थितींची संख्या, सेकंदाला किती.

तिन्ही मशीनांवर घेतलं. लॅपटॉपने सेकंदाला दहा लाखांच्या आसपास स्थिती तपासल्या, मधल्याने त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त, आणि म्हातारा लाखभराच्या पुढेमागे घुटमळला. हे अपेक्षितच होतं.

मुलांना दाखवायचा होता तो मधला आकडा. तपासलेल्या स्थितींची एकूण संख्या तिन्ही मशीनांवर शेवटच्या अंकापर्यंत सारखी. एक थ्रेड, तीच हॅश, तीच खोली असेल तर इंजिन प्रत्येक मशीनवर चालींची तीच झाडं, त्याच क्रमाने, त्याच फांद्या छाटत हिंडतं. स्टॉकफिशवर काम करणारे लोक तर या आकड्याचा सहीसारखा उपयोग करतात. कोडमध्ये बदल केला की बदलासोबत बेंचचा आकडा लिहितात, म्हणजे दुसऱ्याला आपल्या मशीनवर ताडून बघता येतं की कोड तोच आहे.

एक कॅशियर भराभर मोजतो, एक थुंकी लावून लावून मोजतो. बंडल तेच, बेरीज तीच.

मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच पकडलं: "ताई, म्हणजे म्हातारा ढ नाही, नुसता हळू आहे." बरोबर. आपण मशीन विकत घेतो म्हणजे इंजिनासाठी वेळ विकत घेतो. दुप्पट वेगाचं मशीन म्हणजे त्याच मशीनवर दुप्पट वेळ. मग प्रश्न असा उरतो की दुप्पट वेळेने खेळ किती सुधारतो. ते मोजायला दोन मशीनं लागतसुद्धा नाहीत.

५ मे, रविवार

म्हाताऱ्यासाठी इंजिन घरीच कंपाइल केलं, म्हणजे मूळ कोडवरून चालणारी फाइल बनवली. तयार फाइलींमध्ये नसलेला एक पर्याय मेकफाइलमध्ये (ती फाइल कशी बनवायची ते सांगणाऱ्या यादीत) आहे, 'एसएसएसई-३', तो दिला. कोअर टू पिढीला एसएसएसई-३ येतं, आणि त्यात आठ-आठ बिटांचे आकडे जोडीने गुणून बेरीज करणारी सूचना आहे. वेग डोळ्यांत भरेल इतका वाढला, आणि खर्च शून्य. बेंचचा आकडा अर्थात तोच.

या सूचनेला एवढी किंमत का, हे २०२० शिवाय सांगता येत नाही. त्याआधी स्टॉकफिश स्थितीची किंमत माणसांनी लिहिलेल्या नियमांनी ठरवायचं: दुहेरी प्यादं असेल तर इतकं कमी, मोकळ्या पट्टीवर हत्ती असेल तर इतकं जास्त. ऑगस्ट २०२० मध्ये त्यात छोटं न्यूरल नेटवर्क (नियमांऐवजी उदाहरणांवरून शिकलेला हिशेब) आलं. कल्पना मूळची यू नासू यांची, २०१८ ची, शोगी या जपानी बुद्धिबळासाठी. ही तऱ्हा मुद्दाम साध्या प्रोसेसरसाठी घडवलेली आहे: एक चाल झाली की एक-दोन सोंगट्याच हलतात, म्हणून पहिल्या थराचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून न करता जुन्यात वजाबाकी-बेरीज करून घेतात. पण पुढच्या थरांत गुणाकार येतातच. एव्हीएक्स-२ या नव्या सूचना असलेलं मशीन एका फटक्यात ३२ बाइट हाताळतं, म्हातारा १६. शिवाय नेटवर्कची फाइल त्याच्या ६ एमबी कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत) मावत नाही, सारखं रॅमकडे धावावं लागतं. जुन्या नियमांच्या काळात म्हाताऱ्याची पिछाडी एवढी नव्हती. १६.१ मध्ये तर ते जुने नियम कोडमधून काढूनच टाकले.

म्हणजे सॉफ्टवेअर बदललं आणि त्यामुळे हार्डवेअरचा अर्थ बदलला. तरीही न्यूरल नेटवर्कवाला हळू स्टॉकफिश नियमांवाल्या वेगवान स्टॉकफिशला मागे टाकतो. सेकंदाला किती स्थिती तपासल्या यावरून दोन वेगळ्या इंजिनांची तुलना करू नये. एकाच इंजिनाच्या एकाच आवृत्तीत ती चालते.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. सकाळी बोटाला शाई लावून आले आणि मशीन लावून दिलं.

स्टॉकफिश विरुद्ध स्टॉकफिश, दोन्ही मधल्या मशीनवर, एकेक थ्रेड. एका बाजूला दुप्पट वेळ. सामने लावायला क्यूटचेस हा प्रोग्राम. नेहमीच्या संतुलित सुरुवातींपासून खेळवलं तर जवळजवळ सगळंच बरोबरीत सुटतं आणि हाती काहीच लागत नाही, म्हणून एका बाजूला थोडी वरचढ असलेल्या सुरुवाती घेतल्या. प्रत्येक सुरुवात दोनदा, रंग बदलून.

आधी झटपट डाव: दहा सेकंद विरुद्ध वीस सेकंद. दुप्पट वेळेची बाजू स्पष्ट पुढे. मग दोन मिनिटं विरुद्ध चार मिनिटं. अजूनही पुढे, पण फरक आक्रसला आणि बरोबऱ्या वाढल्या. एक बाजू वरचढ असतानाही दुसरी बाजू तग धरते, कारण तिलाही आता पुरेसं दिसतं.

असं का होतं ते मुलांना फळ्यावर सांगितलं. मधल्या डावात एका स्थितीत सरासरी ३५ च्या आसपास चाली शक्य असतात. सगळ्या तपासायच्या तर एक पायरी खोल, म्हणजे आणखी एक चाल पुढे, जायला वेळ ३५ पट लागला असता आणि दुप्पट वेगाने काहीच साधलं नसतं. अल्फा-बीटा छाटणीने (वाईट ठरलेली फांदी पुढे न तपासण्याच्या रीतीने) हा गुणक चांगल्यात चांगल्या परिस्थितीत वर्गमुळाइतका खाली येतो, म्हणजे सहाच्या आसपास. क्नूथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये त्याचं नीट विश्लेषण केलं. आजची इंजिनं त्यावर आणखी निर्दयपणे छाटतात. आशा नसलेल्या चाली कमी खोलीपर्यंतच बघतात, आणि गुणक दोनच्या जवळ येतो. म्हणून वेग दुप्पट केला की साधारण एक पायरी जास्त मिळते. पंधराव्या पायरीवरून सोळाव्यावर गेलात तर ते जाणवतं. पस्तिसाव्यावरून छत्तिसाव्यावर गेलात तर बहुतेक वेळा चाल तीच निघते.

हा प्रयोग माझा नव्हे, फार जुना आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन (युनिक्सवाले तेच) आणि जो कॉन्डन यांनी 'बेल' नावाचं बुद्धिबळाचं खास यंत्र बनवलं. १९८० ची संगणकांची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली. थॉम्पसननी तेच यंत्र स्वतःशीच खेळवलं, एका बाजूला एक पायरी जास्त देऊन. एका पायरीमागे सुमारे दोनशे एलोचा (खेळाडूची ताकद मोजणाऱ्या गुणांचा) फरक निघाला, आणि खोली वाढली तसा तो कमी व्हायला लागला. दोनशे एलो म्हणजे वरच्या खेळाडूला शंभरात ७६ गुण. चाळीस वर्षांपूर्वी हार्डवेअरला एवढी किंमत होती याचं कारण यंत्रं तेव्हा उथळ होती.

१२ मे, रविवार

हॅश. इंजिन एकदा तपासलेली स्थिती टिपून ठेवतं, म्हणजे वेगळ्या क्रमाने तिथेच पोचलं तर पुन्हा मेहनत नको. स्टॉकफिशमध्ये एक नोंद १० बाइटांची, तीन नोंदींचा गठ्ठा ३२ बाइटांचा. मुळात मिळणाऱ्या १६ एमबीत मग १५,७२,८६४ नोंदी. मधलं मशीन चारही कोअर लावून सेकंदाला वीस लाखांच्या वर स्थिती तपासतं, म्हणजे ही वही बघता बघता भरते आणि मग जुन्यावर नवं लिहिणं सुरू होतं. इंजिन 'हॅशफुल' हा आकडा हजारांपैकी सांगतं. वर्गातल्या मशीनवर तो सतत हजारला टेकलेला होता आणि कुणी बघितलंच नव्हतं.

झटपट डावांत याने फारसं बिघडत नाही. एकाच स्थितीवर अर्धा तास विश्लेषण चालू ठेवलं तर मात्र बिघडतं. मधल्याला २ जीबी दिली. म्हाताऱ्याला १ जीबी. त्याला गंमत म्हणून ३ जीबी देऊन बघितली तर विंडोज डिस्कवर लिहीत बसलं आणि माउससुद्धा हलेना.

१८ मे, शनिवार

उकाडा. वाड्याच्या माडीवर पत्रे, दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका. लॅपटॉपवर बेंच दुपारी घेतला काय आणि पहाटे घेतला काय, आकडा जवळपास तोच. पण तासभर विश्लेषणाला लावला की पहिल्या काही मिनिटांनंतर वेग घसरतो आणि तिथेच राहतो, कारण प्रोसेसर तापला की स्वतःच आपलं घड्याळ (कामाची गती) खाली आणतो. बेंच त्याला ताप चढायच्या आतच संपतो. म्हणून यापुढे बेंच फक्त 'इंजिन तेच आहे ना' एवढ्यासाठी. वेग मोजायचा तो अर्धा तास चालवून, शेवटच्या दहा मिनिटांचा.

मधल्याचा पंखा उघडला. आत धुळीची गोधडी. साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मोठा डेस्कटॉप डबा आणि साधा पंखा असल्याने तो आता दुपारीही वेग सोडत नाही. मे महिन्यातल्या बडोद्यात कागदावर दुप्पट वेगवान असलेला लॅपटॉप लांब विश्लेषणात मधल्याच्या फार पुढे राहत नाही. दुकानदार ही गोष्ट सांगत नाहीत.

२३ मे, गुरुवार

कोअर. एक थ्रेड सोडून चार थ्रेड दिले की बेंचची ती सही गेली. प्रत्येक वेळी वेगळा आकडा. २०१६ च्या आवृत्तीपासून स्टॉकफिश 'लेझी एसएमपी' वापरतं: सगळे थ्रेड तीच स्थिती आपापली शोधतात, मध्ये कुणी मुकादम नाही, सामाईक फक्त ती हॅशची वही. कोण आधी काय लिहितो हे त्या क्षणी इतर काय चालू आहे त्यावर ठरतं. त्यामुळे एकाच मशीनवर, एकाच स्थितीत, सारखा वेळ देऊन दोनदा विचारलं तर दोन वेगळ्या चाली येऊ शकतात. परवा दोन भावंडांचं यावरूनच भांडण झालं होतं. दोघंही खरं सांगत होते.

चार कोअरने स्थिती चौपट तपासल्या जातात, ताकद मात्र चौपट वेळेइतकी वाढत नाही. काही काम दोनदा होतंच. लॅपटॉपचे बारा आभासी थ्रेड लावले तर आकडा वाढतो, खेळातला फायदा किरकोळ आणि उष्णता भरपूर. सहावर ठेवला.

भाच्याच्या फोनवरही इंजिन घातलं. फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा, सूचनासंच पूर्ण वेगळा. एका थ्रेडवर बेंचचा आकडा तोच आला, आणि वेग म्हाताऱ्यापेक्षा बराच जास्त. काका यावर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

२ जून, रविवार

ग्राफिक कार्डाचा निकाल लावायचा होता. पालक आले होते, सोबत शेव उसळ घेऊन, त्यामुळे चर्चा प्रेमाने झाली.

स्टॉकफिशला ग्राफिक कार्डाचा काडीचा उपयोग नाही. अल्फा-बीटामध्ये पुढची चाल बघायची का नाही हे आधीच्या चालीच्या उत्तरावर ठरतं, सतत फांद्या फुटतात. कार्ड बनलेलं असतं एकच हिशेब हजारो ठिकाणी एकदम करायला. कार्ड लागतं ते लीलासारख्या इंजिनांना, ज्यांचं नेटवर्क खूप मोठं आणि शोध वेगळ्या पद्धतीचा असतो. ही वाट गूगल डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने दाखवली. डिसेंबर २०१७ मध्ये त्याने स्टॉकफिशशी १०० डाव खेळून २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. अल्फाझीरो चार टीपीयू चिपांवर (न्यूरल नेटवर्कसाठीच्या खास चिपा) सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होता, स्टॉकफिश ६४ थ्रेडांवर सात कोटी. तरी हा निकाल! त्यावर आरडाओरडाही झाला, कारण ६४ थ्रेडांना हॅश दिली होती फक्त १ जीबी. आमच्या म्हाताऱ्याइतकी.

मग फळ्यावर एक यादी लिहिली. डीप ब्लू हा आयबीएमचा संगणक, १९९७, कास्पारोव्हविरुद्ध साडेतीन-अडीच: बुद्धिबळासाठीच बनवलेल्या ४८० चिपा, सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती. डीप फ्रिट्झ, २००६, क्राम्निकविरुद्ध चार-दोन: साधे इंटेल प्रोसेसर, सुमारे ऐंशी लाख. पॉकेट फ्रिट्झ ४, २००९, ब्यूनोस आयर्सच्या स्पर्धेत दहापैकी साडेनऊ गुण: खिशातला एचटीसी फोन, सेकंदाला वीस हजारांहून कमी.

बारा वर्षांत सेकंदाचा आकडा दहा हजार पटींनी घसरला आणि खेळ पडला नाही. आमच्या मधल्यावरचं आजचं इंजिन डीप ब्लूला सहज हरवेल असं माझं मत आहे, आणि याला विरोध करणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. मधल्या काळात जे सुधारलं ते बहुतेक छाटणीत आणि मूल्यमापनात.

पालक यादी बघत राहिले. मग विचारलं, "तो पछी आपणे लेवानुं शुं?" (मग आपण घ्यायचं काय?)

९ जून, रविवार

एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. सिझिजी टेबलबेस म्हणजे मोजक्या सोंगट्या उरलेल्या सगळ्या स्थितींची अचूक उत्तरं. पाच सोंगट्यांपर्यंतचा संच १ जीबीच्या आत, सहाचा दीडशे जीबीच्या आसपास, सातचा टेराबाइटांत जातो आणि आपल्या आवाक्यातला नाही. शोध चालू असताना इंजिन या फाइली मध्येमध्ये उघडतं. फिरत्या जुन्या डिस्कवर त्या ठेवल्या तर अंतिम डावात वेग कोसळतो, कारण प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसतो. पाच सोंगट्यांचा संच तिन्ही मशीनांवर टाकला. हत्ती-प्याद्यांच्या अंतिम डावांना मुलांसाठी तेवढा पुरे आहे.

१६ जून, रविवार

शाळा सुरू झाल्या, वर्ग आता शनिवार-रविवार. काकांना यादी दिली: मधल्यासाठी एक एसएसडी आणि ८ जीबी रॅम, तिन्हींना धूळ झाडायचा ब्लोअर, आणि उरलेल्या बहुतांश पैशांत पट, सोंगट्या आणि चेस क्लॉक. नवं मशीन नाही. बाराशे-चौदाशे रेटिंगच्या मुलाच्या डावात शोधायची चूक म्हाताऱ्याला सेकंदात दिसते. ती चूक का झाली हे सोळा कोअरचं मशीनही सांगत नाही, ते काकाच सांगतात. काका आधी खट्टू झाले, मग रावपुऱ्यातल्या दुकानाला फोन करून घड्याळांचा भाव विचारला.

भाच्याने पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. मुलांचा डाव दिला की ती प्रत्येक स्थितीला वेळेने नव्हे, स्थितींच्या संख्येने मर्यादा घालते: वीस लाख, एक थ्रेड, २५६ एमबी हॅश, प्रत्येक स्थितीआधी हॅश पुसून. टेबलबेसची एकच प्रत सगळीकडे. आज एकच डाव तिन्ही मशीनांवर टाकला, तिन्हींचे अहवाल अक्षरशः सारखे निघाले. मधल्याला डावामागे काही मिनिटं लागतात, म्हातारा रात्रभर लावून ठेवायचा.

बाकी कामं: स्क्रिप्टचा अहवाल मराठीत आणि गुजरातीत काढणं, पावसाळ्याआधी माडीवरच्या पत्र्याखालची वायरिंग बघून घेणं. १६.१ नंतरची आवृत्ती येईल तेव्हा तिन्हींवर एकाच दिवशी घालायची, आणि आधी बेंच.